उकळून न जाणारे विष : पाण्यातील केमिकल काढण्याचा खर्च कोणाचा?

रविवारच्या वंदनेनंतर विहारात आरोग्यावर बोलत होते. विषय पावसाळ्यातील आजारांचा होता. पाणी उकळून प्या, माठ झाकून ठेवा, असे नेहमीचेच सांगून झाले. तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "बाई, कॅनचं पाणी रोज घ्यायला परवडत नाही. उकळून प्यालं तर केमिकल जाते का जी?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात संपत नाही. उकळल्याने जंतू मरतात, केमिकल जात नाही. उलट उकळताना वाफ होऊन पाणी थोडे आटते आणि केमिकल तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण किंचित वाढते. मग ते जाते कशाने, काढायला किती पैसे लागतात आणि ते पैसे कोणी द्यायचे? आजींच्या प्रश्नातून निघालेले हे तीन प्रश्न या लेखात समजून घेऊ.

आधी भीती नको, क्रम समजून घ्या

आपल्या वस्तीत पाण्यामुळे होणारे बहुतेक आजार आजही जंतूंचेच आहेत : हगवण, कावीळ, विषमज्वर. गटाराजवळून गेलेली फुटकी पाइपलाइन, उघडी विहीर, हँडपंपाभोवती साचलेले डबके ही त्याची कारणे. त्यासाठी उकळणे किंवा क्लोरीनचे थेंब पुरेसे आहेत. केमिकलच्या भीतीने ही सवय सोडू नका.

दुसरा क्रमांक जमिनीतल्याच दोषांचा. केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर यांच्याबरोबर गोंदिया जिल्ह्यातही भूजलात काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असल्याची नोंद आहे. हे कोणत्या कारखान्याने टाकलेले नाही, ते खडकातून येते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात.

तिसरे उद्योगांचे केमिकल. आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम असे जड धातू, रंग-औषधांच्या कारखान्यांतील रसायने, कीटकनाशके हे सगळे यात येते. यांचा त्रास लगेच दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसते, वास नसतो, चवही बदलत नाही. पण शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, पारा मज्जासंस्थेला इजा करतो आणि आर्सेनिकने त्वचेवर डाग, गाठी आणि पुढे कर्करोगही होतो. याला वर्षे लागतात, म्हणून दुखणे आणि पाणी यांचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही.

आपल्या भागात हे कुठून येऊ शकते?

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. कोकणासारखी केमिकल कारखान्यांची मोठी वसाहत इथे नाही. पण उद्योग आहेत. राईस मिलमध्ये उष्णा तांदूळ करताना धान भिजवलेले पाणी बाहेर पडते. ते प्रक्रिया न करता नाल्यात किंवा बोडीत सोडले तर सडते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच असलेले ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळला की राख उरते. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते आणि त्या राखेत आर्सेनिक, पारा, शिसे यांचे अंश असतात. राख कोरडी उचलून सिमेंट किंवा विटांसाठी दिली तर धोका कमी होतो. उघड्यावर टाकली, किंवा पाण्यात कालवून तळ्यात साठवली आणि तळ्याचा तळ पक्का नसला, तर हे अंश झिरपू शकतात.

असे घडल्याचे उदाहरण शेजारीच आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आहेत. तेथील परिसराचा अभ्यास मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी केला आणि २०२१ मध्ये अहवाल काढला. आसपासच्या गावांतील पाण्याच्या नमुन्यांत पारा, आर्सेनिक, लिथियम, ॲल्युमिनियम यांचे प्रमाण जास्त आढळले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, मुसळधार पावसात तेथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी नाल्यांतून नदीत उतरले. हे पाणी कोलार आणि कन्हान या नद्यांचे. कन्हानवर नागपूर शहराचा पाणीपुरवठा आहे. पुढे हीच कन्हान अंभोऱ्याला आपल्या वैनगंगेला मिळते.

गोंदिया शहराचे नळाचे पाणी डांगोर्ली येथून वैनगंगेतूनच येते. आपण अंभोऱ्याच्या वरच्या अंगाला आहोत म्हणून ती राख आपल्यापर्यंत आली नाही. पण खालच्या अंगाला पवनीकडे आपलेच नातेवाईक राहतात. आणि आपल्या वरच्या अंगालाही कोणीतरी आहेच.

घालायला चिमूटभर, काढायला सगळे भांडे

वरणात मीठ जास्त पडले तर काय होते ते आपल्याला माहीत आहे. टाकायला क्षण पुरतो. पण ते चिमूटभर मीठ परत काढायचे म्हटले तर सगळे वरणच हाती घ्यावे लागते. पाण्यातील केमिकलचे गणित असेच आहे.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे फक्त एक ग्रॅम आर्सेनिक एक लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणून ठेवते. वीस लिटरच्या कॅन मोजल्या तर पाच हजार कॅन. पाऱ्याची मर्यादा त्याहून दहापट कडक आहे, ०.००१ मिलिग्रॅम. एक ग्रॅम पारा दहा लाख लिटरला, म्हणजे पन्नास हजार कॅनना पुरतो.

आता हा एक ग्रॅम काढायचा तर लाखो लिटर पाणी यंत्रातून न्यावे लागते. केमिकल थोडेच असते, पण खर्च सगळ्या पाण्यावर होतो. महागाईचे मूळ इथे आहे. म्हणून ते कारखान्याच्या पाइपातच अडवणे स्वस्त पडते. तेथे पाणी थोडे आणि केमिकल दाट असते. एकदा नदीत किंवा भूजलात उतरले की ते पसरते आणि खर्च कैक पटींनी वाढतो.

काय काढते, काय काढत नाही

घरोघरी चालणारे उपाय एकेक करून पाहू.

उकळणे : जंतू मारते. जड धातू, फ्लोराइड, नायट्रेट, केमिकल काढत नाही.

तुरटी : गढूळपणा खाली बसवते. नुसती तुरटी फिरवल्याने विरघळलेल्या केमिकलवर भरवसा ठेवता येत नाही. फ्लोराइडसाठी नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने तुरटी आणि चुना मोजून वापरायची 'नळगोंडा पद्धत' तयार केली आहे. पण ती मापाने, शिकून करायची असते.

क्लोरीनचे थेंब : जंतूंसाठी उत्तम. केमिकलसाठी नाही.

कापडाचे किंवा कँडलचे फिल्टर : माती, गाळ आणि काही जंतू अडवतात. विरघळलेले केमिकल आरपार जाते.

ॲक्टिव्हेटेड कार्बन : नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळशाचा खास तापवलेला कोळसा. कीटकनाशके आणि अनेक औद्योगिक रसायने तो धरून ठेवतो. फ्लोराइड आणि नायट्रेटवर त्याचा फारसा उपयोग नाही. तो भरला की धरणे थांबवतो, म्हणून वेळेवर बदलावा लागतो.

आरओ : अगदी बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलतात. जड धातू, फ्लोराइड, नायट्रेट बऱ्याच प्रमाणात अडतात. पण घरगुती यंत्रात एक लिटर चांगल्या पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर फेकले जाते, आणि अडवलेले सगळे केमिकल त्या फेकलेल्या पाण्यात अधिक दाट होऊन नालीत जाते.

आणखी एक गैरसमज टीडीएसचा. विक्रेता पेनासारखे छोटे यंत्र पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि म्हणतो, "बघा, किती घाण आहे." टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे माप. त्यात कॅल्शियमसारखे उपयोगी क्षारही येतात. आकडा शेकड्यात असतो आणि आर्सेनिकची मर्यादा एक शतांश मिलिग्रॅम. इतके थोडे आर्सेनिक त्या यंत्राला कळतच नाही. टीडीएस कमी असलेले पाणी विषारी असू शकते आणि जास्त असलेले निर्धोक असू शकते. मानकानुसार टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तर २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ वापरू देऊ नये, असे सरकारला सांगितले होते.

आपल्या घराचा हिशेब

पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज साधारण वीस लिटर पाणी लागते. समजा वीस लिटरची कॅन २० रुपयांना मिळते. वर्षाचे होतात ७,३०० रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे वर्षातील तेवीस-चोवीस दिवसांची रोजी निव्वळ पाण्यावर गेली. शंभर घरांच्या वस्तीने असे पाणी घेतले तर वर्षाला ७ लाख ३० हजार रुपये वस्तीबाहेर जातात. आणि त्या कॅनमधील पाणी तपासलेले आहे की नाही, हे आपल्याला कोणी सांगत नाही. खुल्या कॅनवर बहुधा परवान्याचा क्रमांकही नसतो.

आरओ घेतला तर? समजा यंत्र १०,००० रुपयांचे, ते सात वर्षे चालले आणि फिल्टर-पडदा बदलायला वर्षाला ३,००० लागले. वर्षाचा खर्च साडेचार हजारांच्या आसपास, वीज वेगळी. तुमच्या बाजारात भाव वेगळा असेल तर आपले आकडे घालून हिशेब करा. अडचण अशी की अनेक घरी पहिल्या वर्षानंतर फिल्टर बदलला जात नाही, कारण त्या महिन्यात शाळेची फी असते किंवा रोवणीचा खर्च असतो. जुना फिल्टर लावलेले यंत्र चालू दिसते, पाणी येते, पण केमिकल अडत नाही. आपण निर्धास्त होऊन तेच पीत राहतो.

गावाचा किंवा शहराचा मोठा प्रकल्प असला तरी खर्चाचे पाच भाग राहतात : यंत्र, वीज, बदलायचे सामान, चालवणारा माणूस आणि नियमित तपासणी. आणि सहावा भाग बहुतेकदा हिशेबात धरलाच जात नाही. तो म्हणजे गाळून काढलेल्या विषाचे काय करायचे. भरलेला कोळसा किंवा आरओचे दाट पाणी उकिरड्यावर टाकले तर ते पावसात पुन्हा विहिरीत उतरते. त्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणे हाच कधी कधी सर्वांत महाग भाग ठरतो. अनेक गावांत सरकारी किंवा देणगीतून बसवलेले पाण्याचे एटीएम दोन-तीन वर्षांत बंद पडलेले दिसते. यंत्राला पैसे मिळतात, पुढच्या पाच भागांना मिळत नाहीत.

कारखान्याने किती वाचवले, गावाने किती मोजले

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछरी नावाचे गाव आहे. १९८७ नंतर तेथील कारखान्यांत 'एच ॲसिड' नावाचे, रंग बनवण्यासाठी लागणारे रसायन तयार होऊ लागले. एकूण सुमारे ३७५ टन माल निघाला. त्यामागे सुमारे २,४४० टन विषारी गाळ उरला आणि तो उघड्यावर टाकला गेला. पावसाने तो जमिनीत झिरपला. विहिरींचे पाणी तांबडे-काळे झाले. सुमारे साठ विहिरी आणि ३५० हेक्टर जमीन बाधित झाली. ते पाणी पिण्याच्याच काय, ओलिताच्याही कामाचे राहिले नाही.

१९८९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नुकसानीचा अभ्यास नागपूरच्या नीरी संस्थेने केला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला : ज्याने प्रदूषण केले त्यानेच नुकसान भरून द्यायचे आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच करायचा. हा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. कंपन्यांनी अर्जामागून अर्ज करून तो टाळला. शेवटी १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने हे अर्ज फेटाळले आणि ती रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला सांगितली. दीड-दोन वर्षांच्या उत्पादनाचा निकाल लागायला बावीस वर्षे गेली. त्या बावीस वर्षांत गावातील बायांनी पाणी कुठून आणले असेल, याचा हिशेब कोणत्याच निकालात नाही.

दुसरे उदाहरण परदेशातले आहे, पण त्याची दोरी महाराष्ट्रापर्यंत आली आहे. पीएफएएस नावाची रसायने आहेत. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड, आग विझवायचा फेस यांत ती वापरली जातात. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, म्हणून त्यांना 'कायमची रसायने' म्हणतात. त्यांतील पीएफओए हे रसायन कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ठरवले. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठेवली. या मापाने एक ग्रॅम पीएफओए २५ कोटी लिटर पाण्याला पुरते. शंभर घरांची वस्ती रोज दोन हजार लिटर पीत असेल तर ते पाणी तिला तीनशे चाळीस वर्षे पुरेल.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला. ही रसायने विकत घ्यायला पौंडामागे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, ५० ते १,००० डॉलर लागतात. सांडपाण्यातून तेवढीच काढून नष्ट करायला लागतात २७ लाख ते १ कोटी ८० लाख डॉलर. महागातली महाग खरेदी धरली तरी काढण्याचा खर्च किमान २,७०० पट. त्याच वर्षी थ्री-एम या कंपनीने अमेरिकेतील पाणीपुरवठा संस्थांना किमान १,०३० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

इटलीत विचेन्झा भागात मितेनी नावाचा कारखाना हीच रसायने बनवत होता. त्याने साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत बाधित झाला. सरकारी पाणीपुरवठ्यावर कोळशाचे मोठे फिल्टर बसवावे लागले. २०१८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने अकरा जबाबदार अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. दरम्यान, २०१९ मध्ये त्या कारखान्याची यंत्रे आणि तंत्र मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने विकत घेतले. ती यंत्रे आता रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत बसली आहेत. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, या रसायनांसाठी मर्यादाच घातलेली नाही. मर्यादा नाही म्हणून नेहमीच्या तपासणीत ती शोधली जात नाहीत, आणि शोधली नाहीत म्हणून ती कागदावर सापडतही नाहीत.

त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे.

पाण्याचा हक्क म्हणजे कोणत्या पाण्याचा?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याआधी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला होता : सार्वजनिक पैशातून बांधलेली पाण्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव कागदावर राहिला, म्हणून सत्याग्रह करावा लागला. पुढे दावा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

आज त्याच महाड तालुक्यात केमिकल कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि तेथील सावित्री नदी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आली. तळे खुले झाले. आता त्या पाण्यात काय आहे, हे विचारायची वेळ आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आरओ लावतात, बाटली घेतात. ज्यांच्याकडे नाही ते हँडपंपाचे पाणी पितात. पूर्वी जातीने पाणी वेगळे केले, आता पैशाने होत आहे. आणि अनेक ठिकाणी दोन्ही वेळेला शेवटच्या हँडपंपावरची वस्ती तीच आहे.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात शुद्ध पाण्याचा हक्क येतो, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. १९७४ च्या जल कायद्याने कारखान्याला सांडपाणी सोडण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. २०१० च्या कायद्याने हरित न्यायाधिकरण आले. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व त्या कायद्यातच लिहिले आहे. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ पुण्याला आहे. औष्णिक केंद्रांच्या राखेबाबत ३१ डिसेंबर २०२१ ची केंद्राची अधिसूचना सांगते की राखेचा शंभर टक्के वापर झाला पाहिजे. न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई आहे.

वस्तीने करायची कामे

१. आधी तपासणी, मग खरेदी. पाणी न तपासता आरओ घेऊ नका. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचे तपासणी किट असते आणि ते वापरायला गावातील पाच महिलांना शिकवायचे असते. आपल्या वस्तीतील किमान एक उपासिका त्या पाचांत असावी, असा आग्रह धरा. या किटने फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्षार कळतात.

२. किटने जड धातू आणि कीटकनाशके कळत नाहीत. जवळ कारखाना, राखेचा साठा किंवा मिलचा नाला असेल तर जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे अर्ज द्या आणि अर्जात नावे लिहा : आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम, कॅडमियम. नुसते "पाणी तपासा" लिहिले तर नेहमीचीच तपासणी होते.

३. नमुना नीट घ्या. हँडपंप काही मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, ती विसळू नका. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासून घ्या.

४. अहवाल विहाराच्या फलकावर लावा आणि एक वही ठेवा. पाच वर्षांची वही असेल तर पाणी कधी बिघडले हे दाखवता येते. न्यायालयात आणि कार्यालयात बोलणे विसरले जाते, कागद राहतो.

५. दोष आढळला तर पहिली मागणी दुसऱ्या सुरक्षित स्रोताची करा : दुसरी बोअर, नळयोजनेची जोडणी, टँकर. केमिकल काढण्यापेक्षा स्रोत बदलणे बहुतेक वेळा स्वस्त आणि लवकर होते. दूषित हँडपंपावर लाल रंग मारून घ्या. त्याचे पाणी भांडी-कपड्यांना चालेल का, हे प्रयोगशाळेलाच विचारा.

६. सामूहिक शुद्धीकरण यंत्र मिळणार असेल तर आधी विचारा : फिल्टर कोण बदलणार, वीजबिल कोण भरणार, दर तीन महिन्यांनी तपासणी कोण करणार आणि फेकलेले पाणी कुठे जाणार? चारही उत्तरे लेखी घ्या.

७. कारखान्यावर संशय असेल तर माहिती अधिकारात संमतीपत्राची प्रत आणि सांडपाण्याचे तपासणी अहवाल मागा. गोंदिया जिल्ह्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भंडारा येथील उपप्रादेशिक कार्यालयाकडे आहे. तक्रार ग्रामसभेच्या ठरावासह द्या आणि पोच घ्या. पुरावा नसताना कोणाचे नाव घेऊन आरोप करू नका. आधी नमुना, मग तक्रार.

सिकलसेलच्या घरांसाठी

आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. शरीरात पाणी कमी झाले की त्यांना दुखण्याचा झटका येतो. म्हणून पाण्याच्या भीतीने पाणी कमी पिणे हे त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याचे. शंका असली तरी तपासणी होईपर्यंत उकळून गार केलेले पाणी भरपूर द्या, आणि मिळत असेल तर त्यांच्यापुरते दुसऱ्या स्रोताचे पाणी आणा. गरोदर बाया आणि बाटलीने दूध पिणारी बाळे यांनाही सुरक्षित स्रोताचा पहिला गुंड मिळावा.

आजींना दिलेले उत्तर

त्या दिवशी आजींना सांगितले, "आजी, उकळत राहा, त्याने जंतू जातील. केमिकल आहे की नाही ते आधी तपासू. असेल तर ते काढायचा खर्च तुमच्या रोजीतून जायचा नाही. ज्याने घातले त्याने द्यायचा, आणि तो देईपर्यंत चांगले पाणी पुरवणे सरकारचे काम."

आजी म्हणाल्या, "मग बाटली कधी न्यायची?"

पुढच्या वंदनेनंतर महिला मंडळाने अर्ज लिहायला घेतला. तुमच्या वस्तीतील अर्जासाठी वरची सात कामे फलकावर लावा आणि पहिल्या कामापासून सुरुवात करा.

जय भीम!